मंगळवारची गाडी

केकवर काय हवं, विचारलं तर
कैवल्य म्हणाला, कचऱ्याची गाडी.
डायनासोर नको, रॉकेट नको,
मंगळवारी सकाळी चढावर धापा टाकत येते ना,
तीच. मागचं तोंड उघडणारी.
आणि डेरेक हवा. नारिंगी जॅकेटवाला.

फोनवर फलटणहून आई:
अगं, शुभ दिवशी कचरा?
लोक काय म्हणतील?

स्टॉकपोर्टमध्ये लोक म्हणजे
शेजारच्या मिसेस हॉलरॉइड.
त्यांनी आपलं फिरतं ताट आणून दिलं
आणि म्हणाल्या, हिरवा रंग जपून,
बोटांवर आठवडाभर राहतो.

राहिला.

मग आईच म्हणाली, थोड्या वेळानं,
चाकांना बिस्किटं लाव, पण आदल्या रात्री नको, मऊ पडतील.
तुझ्या मावशीच्या रुखवतात मी
चुरमुऱ्यांचा बंगला केला होता, शेवयांचं कुंपण,
साखरेच्या विहिरीवर रहाट.
फिरायचासुद्धा.
वऱ्हाडातला एक म्हातारा
तो रहाट तेवढा खाऊन गेला
आणि मी मांडवामागे जाऊन रडले.
बावीस वर्षांची घोडी.

हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं.

मंद आच ठेव, म्हणाली,
हलव्याला काटा घाईनं फुटत नाही.
फॉन्डंटला आच नसते, आई.
मग घाई तरी करू नकोस.

रात्री दीड.
पुलाच्या कमानींवरून मालगाडी गेली
आणि ओट्यावरचा डेरेक थरथरला.
त्याचा एक हात मी टूथपिकनं टोचून बसवला होता.
नाक मात्र जमेना.
पहिलं बटाट्यासारखं,
दुसरं डावीकडे कललं, मोडून टाकलं,
तिसरं ठीक. कुणाचंही असावं तसं.
खरा डेरेक कसा दिसतो, कधी पाहिलंच नव्हतं.
चार वर्षं माझा कचरा नेणारा माणूस.

मग पिशव्या.
बदामाच्या लगद्याच्या, काळ्या, वाटाण्याएवढ्या,
वर चिमटीनं गाठ.
पहिल्या पाच नुसत्या पिशव्या होत्या.
सहावीत मी घातलं
दोन दिवस उशिरा मिळालेलं तिकीट.
सातवीत मोबाईलच्या पडद्यावरचे बाबा,
झेंडूखाली, आणि नेटवर्क गेलं तेव्हाचं
ते गोल गोल फिरणारं चिन्ह.
आठवीत काय, ते लिहीत नाही.
पिळून गाठ मारली.
एकूण अकरा झाल्या. गाडीत नऊच मावल्या.
दोन मी उभ्याउभ्याच खाल्ल्या.

शनिवारी आधी निरांजन,
ज्याला फुंकर घालायची नाही,
मग टपावरच्या सहा मेणबत्त्या,
ज्यांना घालायचीच.
दरवर्षी त्याचा गोंधळ होतो. याही वर्षी झाला.
सुरी हातात घेऊन कैवल्य म्हणाला,
डेरेकला लागेल.
म्हणून मागून सुरुवात. पिशव्यांपासून.
एक उचलून त्यानं दाताखाली फोडली.
कुठली, मला ओळखता आली नाही,
सगळ्या सारख्याच झाल्या होत्या.
यात काय आहे?
बदाम, मी म्हटलं.
अजून?
साखर.
त्यानं दुसरी घेतली.

फोनमधून आई: चाकं मऊ पडली का गं?
पडली होती. मी नाही म्हणाले.

मंगळवारी हिरवे डाग पडलेला पुठ्ठा काळ्या डब्यात,
चिकट पुठ्ठा निळ्यात चालत नाही.
गाडी आली. कैवल्य खिडकीत,
मी या वेळी दारात,
हातात बशी, बशीत उरलेलं एक चाक.
डेरेकनं हातमोजा काढला, चाक घेतलं,
खिडकीकडे बघून अख्खं तोंडात टाकलं.

नाक कधीतरी मोडलं असावं त्याचं,
डावीकडे कललेलं.
म्हणजे दुसरं बरोबर होतं.